खेचर क्रमांक दोनशे एकेचाळीस

मोती महालाच्या दफ्तरात पंखा लावत नाहीत,
कागद उडतात.
सक्सेनाबाबू लाल खारव्याचं बासन आणून ठेवतात.
गाठ इतकी जुनी, की सुटल्यावरही
गाठीसारखीच वळलेली राहते.

आम्ही लष्करात राहतो. म्हणजे दौलतगंजात.
फौजेत गेलेला घरात एकच,
पणजोबा, सटवाजी बिन मानाजी धायगुडे.
"तो टांग्यात गेला," एवढंच सांगत.
लहानपणी मला वाटे, कंपूच्या उतारावर
टांगा उलटून त्याखाली आला असेल.
घोड्याची मला अजून भीती वाटते.
चाळिशीत कळलं, टांगा हे गाव आहे,
आफ्रिकेत, समुद्राकाठी.

"आधी ही बघा," सक्सेनाबाबू म्हणतात.
खेचरांची नोंदवही.
"आदमी का हिसाब बाद में. जानवर महँगा था."

खेचर क्रमांक २४१. मादी. रंग तेलिया.
उंची तेरा मुठी, डाव्या कानाला चीर.
मुरारच्या छावणीत नाल ठोकले.
मुंबईस जहाजावर चढताना लाथा झाडल्या,
दोन दिवस दाणा खाल्ला नाही,
मग गूळ दिला, खाल्ला.
हाकणारा: सटवाजी.
त्याची उंची नाही, रंग नाही,
त्याने दाणा खाल्ला का, हेही नाही.
एक अंगठा आहे, थोडा फरपटलेला,
जणू कुणीतरी हात लवकर ओढून घेतला.

माणसांची वही दुपारी मिळाली.
मोडीत आधी रेघ ओढतात
आणि मग तिला अक्षरं टांगतात.
सटवाजीच्या नावापुढे, शेऱ्याच्या रकान्यात,
टांगलेलं होतं: फरारी.
त्यावर आडवी काट.
वर, वेगळ्या शाईत: मयत, हिवतापाने.

हा म मी ओळखते.
खाली शेपटीला असा एक नको इतका वेढा.
आमच्या माळ्यावरच्या दुधाच्या हिशेबात
पानोपानी हाच म आहे:
म्हैस आटली. म्हैस विकली. म्हैस नवी आणली.
लिंबाजीकाकांचा. सटवाजीचा धाकटा भाऊ,
फौजी दफ्तरात कारकून, पगार रुपये एकोणीस.

फरारीच्या बायकोला काही मिळत नसे.
मयताच्या बायकोला दरमहा चार रुपये.
त्या चार रुपयांत राहीबाईने
दोन मुलं वाढवली, एकाला शाळेत घातलं,
तो पोस्टात लागला, त्याला माझे वडील झाले.
मी त्या वेढ्यातून आलेय, सरळ.

तिला ठाऊक होतं का?
तिने मंगळसूत्र उतरवलं ते
नवऱ्यासाठी, की शाईसाठी?
वडील एक गंमत सांगत, हसत हसत:
सर्वपित्रीला सटवाजीचं पान वाढलं
की लिंबाजीकाकांचं पोट हमखास बिघडे.
दरवर्षी. त्याच दिवशी.
ताक पिऊन ते बाहेर ओट्यावर बसून राहत.
आम्हीही हसायचो.

चारला सक्सेनाबाबूंनी अर्ज पुढे सरकवला.
कोणत्या पानाची नक्कल? कशासाठी? नातं काय?
तिसऱ्या रकान्यात मी पेन टेकवलं, उचललं,
परत टेकवलं.
माणसाच्या पानाची नक्कल मी मागितली नाही.
जे शंभर वर्षं झाकून राहिलं
त्याला माझ्या हातून कशाला हवा लागू द्या.

खेचराचं पान मागितलं.
तिथे कुणी खाडाखोड केलेली नाही,
जनावरासाठी कोण खोटं लिहितो.
शेवटच्या दोन ओळी, सरकारी, स्वच्छ:

२४१ रात्रीपासून ठाणावर नाही. पालाणही नाही.
गळ्यातली घंटा खुंटीपाशी मिळाली,
आत गवत कोंबलेलं.